डाव्या बाजूची शिवण

“कधीपासून आहे?” डॉक्टरांनी विचारलं. याडी म्हणाली, “झाले असतील आठ-पंधरा दिस,” आणि मी म्हणाले, “खोटं.”

एवढा एकच शब्द. पण तो त्या पांढऱ्या खोलीत स्टीलच्या वाटीसारखा पडला आणि कितीतरी वेळ फिरत राहिला. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या ट्रॅक्टरकडे बघत राहिली, जणू तिला तो विकतच घ्यायचा होता. आणि मला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं, कारण मागच्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. तांड्यावरून हिंगोलीच्या वसतिगृहात आलेली, मराठी चाचपडत बोलणारी, झमकी हरिचंद. सगळा वर्ग वळून बघायचा. मग यंदा दहावीत स्नेहसंमेलनात मी रक्ताभिसरणावर दहा मिनिटं बोलले, कागद न बघता, आणि बक्षीस म्हणून शाईचं पेन मिळालं. त्या दिवसापासून माझ्या जिभेला कोणी दावणीतून सोडल्यासारखं झालंय. वाटेतल्या पाट्या मोठ्यानं वाचते, कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडते, बाईंना वर्गात शंका विचारते. पण आईला, तीही परक्या माणसासमोर, खोटं म्हणेन असं मला त्या दिवशी सकाळी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

डॉक्टर किसनसिंग लष्करातून निवृत्त झालेले. जुन्या छावणीच्या बाजूला त्यांचा सहा खाटांचा दवाखाना आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी. मराठी आणि हिंदी यांत त्यांना काही फरक वाटत नाही. त्यांनी चष्मा वर केला. “बेटी, तुला कसं माहीत?”

“काचळी बघा,” मी म्हणाले.

आमच्या बायकांची काचळी म्हणजे साधं पोलकं नव्हे. पाठ उघडी, नाड्यांनी बांधायची, आणि पुढून मात्र चिलखत. आरसे, कवड्या, लाल-पिवळ्या दोऱ्यांचं असं दाट भरतकाम की खालचं कापड बोटालासुद्धा लागत नाही. एक काचळी भरायला सहा महिने जातात, म्हणून अंग बदललं तरी काचळी टाकत नाहीत. कुशीला चिंधोटी जोडून ढिली करतात. याडीच्या काचळीला डाव्या कुशीला अशा तीन पट्ट्या होत्या. पहिली लाल दोऱ्यानं जोडलेली, ती होळीला. मी सुट्टीवर आले होते. दुसरी पिवळ्यानं, तिजेच्या आधी, पोरी गव्हाची रोपं डोक्यावर घेऊन नाचत होत्या तेव्हा. तिसरी हिरव्यानं, दिवाळीत. आणि तिन्ही वेळा सुई मी ओवली होती, कारण याडीला जवळचं दिसत नाही. तिन्ही वेळा ती म्हणाली होती, “जाड होऊन राहिले लेकरा,” आणि मी सुईच्या नेढ्यातून पलीकडचं ऊन बघत ‘व्हय’ म्हणाले होते. उजव्या कुशीला एकही पट्टी नव्हती. माणूस एकाच बाजूनं कसं जाड होईल, हा प्रश्न मला, हृदयाच्या चार कप्प्यांची नावं घडाघड म्हणणाऱ्या मला, तीनदा पडला नाही.

डॉक्टर वाकले. त्यांनी याडीला हातही न लावता नुसत्या त्या शिवणी पाहिल्या, खिशातली छोटी पट्टी काढून मोजल्या आणि लिहून घेतलं: होळी, तीज, दिवाळी, आणि प्रत्येकीसमोर एक आकडा. मग पेन बंद करून म्हणाले, “तीस साल हेच विचारतोय मी. सगळे म्हणतात, पंधरा दिवस. पहिल्यांदा कपडा बोलला.” त्यांच्या आवाजात रागाचं नाव नव्हतं. देवळात शिरताना माणसाचा आवाज होतो तसा तो झाला होता. मला एकदम अभिमान वाटला आणि त्याच क्षणी मी काय वाचून दाखवलं होतं ते मला कळलं.

बाहेर कडुनिंबाखाली याडी बोलली. आमच्या बोलीत, मी ते मराठीत लिहिते आहे. “साळंत हेच शिकवून राहिले का? आईला खोटं पाडायचं?”

“तू का सांगितलं न्हाईस?”

“कुणाला सांगू? तांड्याच्या नायकाला? का तुझ्या बापाला, जो बैलाच्या खुराला काटा लागला तरी जेवत न्हाई?” तिनं ओढणी पुढं घेतली. “काचळीच्या आत जे असतं ते आतच असतं. तुला शिवायला बसवलं होतं, वाचायला न्हाई.” आणि थोड्या वेळानं, दुसऱ्याच सुरात: “हिरव्या दोऱ्याला तू गाठ बराबर मारली न्हवतीस. मीच मारली परत.”

डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. गाठ काढावी लागेल, स्तनासकट. दर रविवारी नांदेडहून सर्जन येतात, ते काढतील. पण नुसती गाठ काढून भागत नाही, काखेत वालाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात, त्याही काढून तपासाव्या लागतात. रोग आहे तिथंच बसलाय की वाट धरून निघालाय, हे काखच सांगते. आणि काखेत शिरायला याडीच्या बलिया आड येत होत्या. दंडावरच्या हाडाच्या बांगड्या, कोपरापासून वर चढत गेलेल्या, नऊ. लग्नात घातलेल्या. त्या निघत नाहीत. नवरा गेला की काढतात, म्हणजे तोडतात. शिवाय डावा हात सुजला होता, आणि बलिया मांसात अशा रुतल्या होत्या की प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना कातडी वर आली होती.

“मग काख राहू द्या,” याडी म्हणाली. “गाठ काढा. हरिचंद जिता हाय माझा.”

“बाई, काख न बघता मी काहीच सांगू शकणार नाही.”

“नका सांगू.”

ती हे शांतपणे म्हणाली आणि डॉक्टरांनी कागदाची घडी घातली.  मला माझ्या भाषणातली वाक्यं आठवत होती. अशुद्ध रक्त उजव्या कप्प्यात येते. टाळ्या आठवत होत्या. याडी त्या दिवशी मंडपाच्या मागं फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर सावरत उभी होती, तिला मराठीतलं अर्धंच कळलं असणार, आणि ती डाव्या हातानं टाळी वाजवत नव्हती, नुसता उजवा हात मांडीवर आपटत होती. हेसुद्धा मी पाहिलं होतं. मी किती काय काय पाहिलं होतं.

बापू, माझा बाप, शनिवारी आला. आमचा तांडा कनेरगाव नाक्यापासून आत दीड कोस; नाक्यावर येऊन त्यानं यष्टी धरली होती आणि नाक्यावरच्याच सायकलवाल्याकडून लोखंड कापायची करवत मागून आणली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी त्याला चिठ्ठीत सगळं लिहिलं होतं आणि ती त्यानं नाक्यावर कोणाकडून तरी वाचून घेतली असणार, म्हणजे आता अर्ध्या नाक्याला माहीत होतं. तो याडीच्या खाटेशेजारी खाली बसला. करवत बाजूला ठेवली. बराच वेळ त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं.

“हात दे.”

“येड लागलं का तुला? मेला न्हाईस तू अजून.”

“तेच तर. जो जिता हाय तोच कापून राहिला. मग कोण म्हणंल मी मेलो?”

“लोक म्हणतील.”

“लोकायला सांग, मेल्यावरचं काम होतं, मी आधीच उरकून टाकलं. तेव्हढीच तुझी तकलीफ वाचली.”

पलीकडच्या खाटेवर कळमनुरीच्या भागूबाई होत्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या. त्यांना बोली कळत नव्हती तरी त्या तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या आणि टाके दुखतात म्हणून कण्हायला लागल्या. याडी नाही हसली. पण तिनं हात दिला. मी बलियाच्या आणि कातडीच्या मधे चिंधी सरकवत होते आणि बापू कापत होता. हाडाचा भुगा पडत होता, पिठासारखा पांढरा, त्याला जळल्यासारखा वास. एकेक बलिया दोन जागी कापावी लागे. दुसऱ्या कापाला बलिया सुटताना ‘टक्’ असा आवाज, आणि त्या प्रत्येक आवाजाला याडी डोळे मिटायची आणि बापू म्हणायचा, “हाय मी.” नऊ वेळा म्हणाला. मी मोजलं नव्हतं, बलिया मोजल्या. आणि मग तो दंड उघडा झाला. मी माझ्या आईचा दंड जन्मात पहिल्यांदा पाहिला. बाकीचा हात उन्हानं करपलेला आणि हा तेवढा भाग गोरा, ओला, नऊ वळ्यांचा, नदी आटल्यावर वाळूवर राहतात तशा रेषांचा. त्याला लग्नापासून ऊन लागलं नव्हतं. मी तिथं बोट ठेवलं तर याडीला गुदगुल्या झाल्या. तिलाच नवल वाटलं. “आत्ताच जन्मल्यावानी लागतंय,” ती म्हणाली.

रविवारी ऑपरेशन झालं. दुसऱ्या रविवारी दुपारी डॉक्टरांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. “तू शिवण वाचतेस ना, ये, ही वाच.”

टेबलावर पितळी मायक्रोस्कोप होता, आरसा खिडकीच्या उजेडाकडे वळवलेला. शाळेत आमच्याकडे एक आहे, पण त्याच्यात बाई कांद्याची साल दाखवतात आणि प्रत्येकीला चार सेकंद मिळतात. इथं कोणी मागून ढकलत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की याडीच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून, कांद्याच्या सालीहूनही पातळ कापून, त्यांनी या काचेवर लावलाय, आणि चांदीच्या पाण्यात रंगवलाय. चांदी जिथं धाग्यांना धरते तिथं काळी पडते. मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग उजेड गोल झाला आणि त्यात—

काय लिहू. मला वाटलं होतं काहीतरी घाण दिसेल. किडा दिसेल. ज्याच्यामुळं याडी रात्री उठून बसायची, ते जे तिला खात होतं, त्याचं तोंड दिसेल. आणि दिसलं ते भरतकाम होतं. काळ्या दोऱ्यांचं, केसाहून बारीक, एकमेकांत गुंतलेलं, कुठं विरळ कुठं दाट. त्या दोऱ्यांनी गोल गोल घरं केली होती, अगदी काचळीवर आरशाभोवती टाका घालतो तसा वेढा. माझ्या आईच्या आत हे होतं. सगळ्यांच्या आत आहे. माझ्या आत, आत्ता, डोळा लावून उभी असताना, कोणी न शिकवता, कोणी सुई न ओवता हे विणकाम चाललंय. मला एकदम खोलीतली जमीन लांब गेल्यासारखी वाटली आणि मी टेबल धरलं.

“दोरे कशाचे?” मी विचारलं.

“प्रथिनाचे. पुस्तकात वाचलं असशील.”

वाचलं होतं. प्रथिने: डाळी, अंडी, दूध. पाच गुणांचा प्रश्न. त्यात कुठंच लिहिलं नव्हतं की माणूस आतून याच्यानंच शिवलेला असतो.

“आता डावीकडे सरक. वेढा बघ. काय दिसतं?”

मी हळूहळू काच सरकवली. एका ठिकाणी वेढा तुटला होता. नुसता तुटला नव्हता, उसवला होता, टाका ढिला पडून निघतो तसा, टोकं लोंबत होती, आणि त्या फटीतून फिक्या पेशी बाहेर आल्या होत्या. गर्दीनं नाही. एकामागं एक, दोऱ्यांच्या मधल्या वाटेनं, पूर्वी आमच्या लोकांचे मिठाचे बैल जायचे म्हणतात तशा रांगेनं. किती शिस्त. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि मी श्वास रोखून बघत होते.

डॉक्टर माझ्या मागं उभं राहून बोलत होते, अर्धं स्वतःशीच. सगळे पेशी बघतात, म्हणाले, मी आजूबाजूचा कपडा बघतो. ही गाठ हाताला दगडासारखी लागते ना, तो दगडपणा रोगाचा नाही. रोगाच्या पेशी मऊच असतात. त्यांच्याभोवती शरीरच दोरे विणत बसतं, ढीगभर, म्हणून कडक लागतं. कोणी म्हणतं कोंडायला विणतं, कोणी म्हणतं त्याच दोऱ्यांना धरून त्या पुढं जातात. “मला माहीत नाही. मोठमोठ्यांनाही नाही माहीत अजून. पण एक दिवस लोक हे धागे वाचून सांगतील, कोणता रोग घरात बसणार आणि कोणता निघणार. तेव्हा मी नसेन. तू असशील.”

शरीर शिवत बसलं होतं. याडीही शिवत बसली होती, वरून, लाल, पिवळा, हिरवा. आतून तीच आणि बाहेरून तीच, दोन्हीकडून झाकत, जागा करून देत. आणि सुई ओवायला मी. हे मला त्या खिडकीशी उभं राहून असं लख्ख दिसलं की रडूही आलं नाही.

मग काखेतल्या ग्रंथी. चौदा सापडल्या होत्या, चौदा काचा. डॉक्टर एकेक लावत, सगळ्या कडांवरून डोळा फिरवत आणि म्हणत, “साफ.” मग मला दाखवत. या नेहमीच्या रंगाच्या होत्या, जांभळ्या-गुलाबी, वालाच्या आकाराच्या, आत ठिपक्यांची दाटी. साफ. साफ. बाहेर भागूबाईंची सून कोणाला तरी केळ्यांवरून बोलत होती. साफ. सातव्या-आठव्या काचेपर्यंत मी मनात काही मागत नव्हते, दहाव्यापासून मागायला लागले, आणि मागायला लागले म्हणून घाबरले. तेरावी काच लागली. त्यांनी भिंग बदललं. परत पाहिलं. मग बाजूला झाले.

मला शोधावं लागलं. कडेला, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, एक फिका पुंजका. आणि त्याच्याभोवती दोन-तीन गुलाबी धागे आलेच होते. तिथंसुद्धा. इतक्या लांब, परक्या जागी, पाहुणे येऊन टेकले नाहीत तोच शरीरानं त्यांना घर विणायला घेतलं होतं. मी किती वेळ बघत होते माहीत नाही. भीती होती, पण ती नवलाच्या खाली कुठंतरी होती, पाण्याखाली दगड असतो तशी.

चौदावी साफ निघाली.

“एकच,” मी म्हणाले.

“एक सापडलं. म्हणजे बाकी कुठं नाहीच, असं नाही. मुंबईला नेऊन किरणांचा शेक द्यावा लागेल. पुढचं पुढं. मला याहून जास्त बोलायला लावू नकोस, खोटं होईल.” त्यांनी काचा लाकडी पेटीत उभ्या लावल्या. “आईला मी सांगू का तू?”

“मी,” मी म्हणाले. ‘खोटं’ हा पहिला शब्द माझाच होता.

याडी भिंतीला टेकून बसली होती. छातीवर पट्ट्या, अंगावर बापूचं धोतर दुहेरी करून घेतलेलं. बापू खाली झोपला होता, उघड्या तोंडानं. ती माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघत होती.

“काय दिसलं?”

“दोरे.”

“कसले?”

“तुझेच. काळे दिसतात, चांदीच्या पाण्यात घातल्यावर.”

“चांदी काळी पडतेच,” ती म्हणाली, जसं काही मी तिच्या केसांत लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्यांबद्दल बोलत होते. मग मी सगळं सांगितलं. वेढा, फट, बैलांची रांग, चौदा काचा. काही सोडलं नाही. मोहरीचा दाणा सांगताना माझा आवाज हलला, पण थांबला नाही. ती ऐकत होती. मला वाटतं तिला ते सुंदर वाटलं. असं लिहू नये, पण मला तिचा चेहरा दिसत होता.

“चौदातलं एक,” ती म्हणाली.

“व्हय.”

“काचळी आण.”

पिशवीतून काढली. हातात घेतल्यावर ती नेहमीसारखीच जड लागली; आरशांत खिडकी तुकड्या-तुकड्यांनी हलली. डावी बाजू आता आत घ्यावी लागणार होती, खूप आत. मी पहिल्यांदा हिरव्या दोऱ्याला नख लावलं.

“उसवू नको.”

“मग कशी घेऊ?”

“पट्ट्या तशाच राहू दे. त्यायच्या आतून घे. लोकायला दिसू दे कुठंवर गेलं होतं.”

मी सुई घेतली. दोरा कोणता, विचारलं, तर म्हणाली हाताला येईल तो. निळा आला. ओवला. खडूनं रेघ मारायला वाकले तर तिनं उजव्या हातानं माझं मनगट धरलं आणि रेघेपासून थोडं बाहेर नेलं.

“एक बोट ढिली ठेव.”

“काहून?”

“मुंबईहून आल्यावर अंगावर मांस चढंल का न्हाई?”

मी तिच्याकडे पाहिलं. बापूनं झोपेत कूस बदलली.

“आणि पुन्हा ढिली करायची वेळ आली तर?” मी विचारलं.

“तर सुई तूच ओवशील,” याडी म्हणाली. “आणि ओवायच्या आधी इचारशील.”

मी एक बोट सोडलं आणि पहिला टाका घातला.